कडं आणि तबकडी

झाकणबाईंच्या वाटेला जायचं नाही, हे कारखान्यात नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. पाण्याचा नळ कुठे, जेवायची खोली कुठे आणि झाकणबाई कुठे बसतात, एवढं कळलं की माणूस कामाला लागला म्हणायचं.

कारखाना प्रेशर कुकरचा, चांगला हजारभर माणसांचा. डाव्या शेडमध्ये झाकणं व्हायची, उजव्या शेडमध्ये भांडी, आणि पलीकडच्या हॉलमध्ये दोघांची जोडणी. बाई झाकण विभागात तपासणीला. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड पोलादी कडं असायचं. प्रत्येक झाकण त्या कड्यातून पलीकडे जायला हवं. गेलं तर पास. अडलं तर झाकण करणाऱ्याची शंभरी भरली.

"कुणी केलं हे? हात आहेत की पळ्या?" हा आवाज यंत्रं चालू असतानाही शेडच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

चोवीस वर्षं बाईंनी हे केलं. चोवीस वर्षांत एकही झाकण परत आलं नाही, असं त्यांच्या डोक्यामागच्या पाटीवर रंगवलेलंच होतं. दर वर्षी पेंटर येऊन फक्त आकडा बदलायचा, आणि तो बदलत असताना बाई स्वतः शिडी धरून उभ्या राहायच्या. पेंटरच्या काळजीनं नव्हे हं, आकडा तिरका जाऊ नये म्हणून.

आणि त्या कड्याचे लाड काय सांगावेत! नवऱ्याचा शर्ट चुरगळलेला असला तर असो बापडा, पण कड्यावर बोटाचा ठसा दिसायचा नाही. शनिवारी सगळे घरी पळायच्या घाईत असताना बाई पॉलिशची पावडर आणि फडकं घेऊन बसायच्या. कडं आतून घासायचं, बाहेरून घासायचं, पुन्हा आतून घासायचं, स्वतःचं नाक त्यात दिसेपर्यंत. नाक तसं लांबूनही दिसण्याजोगं होतं, पण ते असो.

हे कडं त्यांना दिलं होतं एका म्हाताऱ्या फोरमननं, लागल्या त्या दिवशी. त्याच दिवशी त्यांच्याबरोबर आणखी एक बाई लागली होती, भांडी विभागात. तिला फोरमननं एक पोलादी तबकडी दिली. कुकरच्या भांड्याच्या तोंडात ती तबकडी उतरली की भांडं पास. आणि मग म्हाताऱ्यानं तबकडी कड्यावर ठेवून दाखवली. ती वरच राहिली, केसाएवढ्या फरकानं.

"बघून ठेवा पोरींनो. तबकडी कड्यापेक्षा मोठी आहे, म्हणून झाकण भांड्यापेक्षा लहान राहतं आणि आत बसतं. ही दोघं एकमेकांत कधी जायची नाहीत. गेली, तर कारखान्याला कुलूप लावा."

दोघी हसल्या होत्या. हसायचंच वय होतं. आणि दुसरी बाई कोण, तर झाकणबाईंची सख्खी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. वहिनी आणि वन्सं एकाच डब्यात जेवायच्या, एकाच छत्रीत घरी यायच्या.

मग एका साहेबाच्या डोक्यात आलं की विभागांमध्ये चुरस हवी. ज्या विभागाचा माल कमी परत येईल, त्याला उन्हाळ्यात मोठा उभा पंखा. एकच पंखा हो, सबंध कारखान्यात! पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा म्हणजे काय असतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्या पंख्यापायी झाकणवाल्यांनी भांडीवाल्यांशी बोलणं सोडलं. दोन शेडमधल्या दाराला कपाट लागलं. हात धुवायचे नळ वेगळे झाले. कुकर परत आला की झाकणवाले म्हणायचे भांडं वाईट, भांडीवाले म्हणायचे झाकण वाईट, आणि जोडणीवाले म्हणायचे, आम्ही काय बुवा, येईल ते जोडतो.

अशात एक दिवस वन्संनी तक्रारवहीत लिहिलं, "झाकण विभागाच्या तपासनिसांनी चष्मा लावावा." बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, त्यामुळे हा टोमणा घरापर्यंत पोचायला पत्ता विचारावा लागला नाही. झालं! त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. राहायच्या मात्र एकाच घरात. स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन, फळ्या दोन, मिठाचे डबे दोन. बोलायचं झालं तर मध्ये नवरा.

"अहो, तुमच्या बहिणीला सांगा, नळ नीट बंद करावा."

"दादा, वहिनींना सांग, नळ त्यांनीच उघडा टाकला होता."

तो बिचारा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणायचा, "नळा, ऐकलंस ना?"

तर अशी ही कथा चालली असती आणखी दहा वर्षं, पण कुकर परत यायला लागले. आधी पाच-दहा आले, मग गाडी भरून आले. झाकण बसत नाही, बसलं तर निघत नाही, वाफ भलतीकडून जाते. एका गृहस्थानं कळवलं होतं की झाकण उघडण्यासाठी कुकर दारात अडकवून ओढावा लागला, आता कुकर ठीक आहे पण दार गेलं.

वर मोठे साहेब नवे होते. त्यांनी विभाग जोडायला बाहेरून एक तज्ज्ञ आणला. गुळगुळीत चेहऱ्याचा, गोड बोलणारा. आला त्या दिवशी त्यानं भिंतींवर कागद लावले: भिंती पाडा, मनं जोडा. दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागांना जेवायच्या खोलीत बोलावलं आणि प्रत्येकाला एकेक फुगा दिला.

"आता आपल्या फुग्यात आपला अहंकार भरा," तो म्हणाला, "आणि दुसऱ्या विभागातल्या मित्राच्या हातात द्या."

झाकणबाईंनी फुगा फुगवला, वन्संच्या दिशेनं धरला आणि सोडून दिला. तो फर्र करत सबंध खोलीभर फिरला आणि साहेबांच्या चहात पडला. वन्संनी आपला फुगा टाचणीनं फोडला. त्या दिवसापासून तज्ज्ञाचं नाव पडलं फुगेवाला, आणि ते शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.

साहेबांनी चहातून फुगा काढला. त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं.

"पुरे झाली थट्टा. शुक्रवारी दोन्ही तपासनिसांनी आपापली बाजू मांडायची. दोष झाकणाचा निघाला तर झाकणाचं तपासणी टेबल बंद, भांड्याचा निघाला तर भांड्याचं. टेबलाबरोबर टेबलावरची बाईही घरी. मला एक नाव हवंय, आणि ते मला शुक्रवारी मिळालं पाहिजे."

झाकणबाईंनी वन्संकडे बघितलं. वन्संनी झाकणबाईंकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघींच्या मनात एकच वाक्य होतं: आता हिला घालवते.

बुधवारी संध्याकाळी बाई कडं घेऊन घरी आल्या. विभागाची वस्तू बाहेर नेणं म्हणजे गुन्हाच, पण जेवणाच्या पिशवीत रुमालाखाली कडं आहे असा संशय झाकणबाईंवर घ्यायची पहारेकऱ्याची काय बिशाद! शुक्रवारसाठी त्यांनी मनात एक बेत आखला होता. त्यांनी पास केलेलं पहिलंवहिलं झाकण म्हाताऱ्या फोरमननं त्यांना भेट दिलं होतं, आतल्या बाजूला सही करून. चोवीस वर्षं ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर होतं, एकदाही वापरलेलं नाही. ते झाकण सगळ्यांसमोर या कड्यातून काढायचं. साहेबांना ऐकवायचं की खरं झाकण कसं जातं ते. कारण ते नुसतं जायचं नाही, हळूच सुस्कारा टाकत जायचं, कड्याच्या आणि झाकणाच्या मधली हवा निघताना येतो तसा. बाईंच्या कानात तो आवाज अजून होता.

"अहो, या इकडे. रंगीत तालीम आहे."

नवरा वर्तमानपत्र ठेवून आला. बाईंनी झाकण उलगडलं, पुसलं, आणि कड्यात सोडलं.

सुस्कारा आला नाही. झाकण खड्खड् करत गेलं आणि ओट्यावर आपटलं.

बाईंनी पुन्हा सोडलं. खड्खड्. कडं फिरवून सोडलं. तेच. मधून उजेड दिसत होता. उजेड!

"झाकण आटलं का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"पोलाद आटतं का कधी? लोकरीचा स्वेटर आहे का तो?"

"मग कडं वाढलं."

"कडं कसं वाढेल? त्याला काय मी जेवायला घालते?"

नवऱ्यानं कडं हातात घेतलं. काचा घासण्यात त्याचा जन्म गेलेला. आतल्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"घासतेस ना शनिवारी?"

बाई मनात हिशेब करू लागल्या. चोवीस वर्षं, वर्षाचे बावन्न शनिवार, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. आणि दिवसाला शेकड्यांनी झाकणं त्यातून घासत गेलेली, ती वेगळीच. प्रेमानं मूल लाडावतं म्हणतात, इथे कडंच लाडावलं होतं. जी झाकणं अडायला हवी होती ती बाईंचं कडं हसत हसत पुढे पाठवत होतं. आणि आतापर्यंत "हात आहेत की पळ्या" म्हणून ज्यांना झापलं, ते सगळे बाईंच्या डोळ्यांसमोरून एकेक करून चालत गेले. निवांतपणे, हात मागे बांधून.

तेवढ्यात वन्सं पाणी प्यायला आत आल्या. ओट्यावरचं कडं त्यांनी पाहिलं आणि भुवया कपाळावर नेल्या.

"दादा, विभागाची वस्तू घरी आली वाटतं. शुक्रवारी साहेबांना सांगायला आणखी एक झालं."

बाईंनी नवऱ्याकडे न बघता सरळ विचारलं, "वन्सं, तुमची तबकडी घासता का तुम्ही?"

अकरा वर्षांनी थेट आलेला पहिला प्रश्न. वन्संच्या हातातला पेला तसाच राहिला. पण टोमणा मारायची संधी सोडेल ती वन्सं कसली!

"आठवड्यातून दोनदा घासते. तुमच्यासारखी एकदा नाही. आमच्या विभागाला चकाकीचं मानपत्र उगाच नाही मिळत."

"दोनदा," बाई म्हणाल्या.

"दोनदा. सोमवार आणि गुरुवार. काठ तर तीन वेळा."

बाईंनी कडं हळूच रुमालात गुंडाळलं. कडं आतून घासलं की मोठं होतं. तबकडी काठावरून घासली की लहान होते. इकडे मोठी झाकणं पास, तिकडे लहान भांडी पास. चुरशीनं, चकाकत.

"उद्या तबकडी घरी आणता? दोन मिनिटं. कड्यावर ठेवून बघायची आहे."

"दादा, वहिनींना सांग, आमची वस्तू विभागाबाहेर जात नाही. आणि त्यांच्या कड्याजवळ तर नाहीच नाही. शुक्रवारी पराभव दिसायला लागला की गोड बोलणं सुचतं माणसाला." आणि वन्सं पेला आपटून गेल्या.

"आपटा," बाई मागून म्हणाल्या. "पेला तुमचाच आहे."

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी साहेबांकडे जाऊन सगळं खरं सांगितलं असेल. छे हो! गुरुवारी सकाळी बाईंनी मनाशी ठरवलं की गप्प बसायचं. कडं झिजलंय हे कुणाला माहीत आहे? नवऱ्याला. तो बोलेल का? तो नळाशी बोलतो, माणसांशी नाही. शुक्रवारी वन्संवर ढकलायचं, बस. पाटीवरचा आकडा राहील, टेबल राहील. नणंद घरी बसेल, आणि बसली तर बसू दे, दोन शेगड्या सांभाळायला सवड होईल.

पण दुपारी त्यांचे पाय आपोआप जोडणीच्या हॉलकडे वळले. सहा वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. दारातच थबकल्या. प्रत्येक बाकावर एकेक लाकडी हातोडी. झाकण भांड्यावर ठेवायचं, हातोडीनं ठोकायचं, फिरवायचं, पुढचं घ्यायचं. ठोक, ठोक, ठोक. लग्नाला उभे राहायला तयार नसलेल्या नवरानवरीला धरून बसवतात तसं.

जोडणीचा मुकादम त्यांना पाहून उभाच राहिला. हातोडी पाठीमागे लपवली.

"कधीपासून ठोकताय?" बाईंनी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं."

"वर्ष! आणि सांगितलं नाही?"

"कुणाला सांगायचं, बाई? भांडीवाल्यांना सांगितलं तर म्हणतात झाकणांकडे जा. वर काचेच्या खोलीत कुकरची मापं आणि नकाशे काढणाऱ्या नकाशेवाल्यांना सांगितलं तर म्हणतात अर्ज करा. आणि तुम्हाला सांगायचं म्हणजे..." मुकादमानं हातोडी पुढे आणली. "आम्हालाही बायकोमुलं आहेत हो. तुमचं झाकण वाईट आहे असं तुमच्या तोंडावर सांगून घरी धड गेलेला माणूस दाखवा एक."

आजूबाजूला कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी वळून बघितलं. हसू बंद झालं. आणि ते बंद झालेलं पाहून बाईंना पहिल्यांदाच स्वतःचा राग आला. मुकादमाच्या टेबलावर परत आलेल्या मालाची पत्रं पडली होती. त्यांनी वरचं उचललं. कुणा बाईंनी लिहिलं होतं, अक्षर डावीकडे कललेलं, कारण उजवा हात पट्टीत होता. "झाकण एकदम उसळलं. वाफ मनगटावर आली. माझं शिवणकाम आहे. दोन महिने सुई धरता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. कुकर बदलून नको, पण हे नेमकं कुणी तपासलं ते कळवा."

कुणी तपासलं ते कळवा. बाईंनी पत्र घडी घालून पदराच्या टोकाला बांधलं. दिवसभर ते टोक त्यांच्या हाताला लागत राहिलं. टेबल जाईल. पाटी जाईल. चोवीस वर्षं ज्यांना झापलं ते सगळे फाटकापाशी उभे राहून बघतील. हे सगळं त्यांनी नीट हिशेब करून पाहिलं, आणि तरी ते पत्र हलकं होईना.

शिवाय, खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात दुसरा विचारही होता. मी एकटी का जाऊ? आठवड्यातून दोनदा घासते म्हणे!

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत गर्दी होती. साहेब मध्ये. फुगेवाला फळ्याजवळ, हातात रंगीत खडू. वरच्या काचेच्या खोलीतले नकाशेसाहेब एका कोपऱ्यात, जिथे धूळ कमी असेल तिथे. दाराशी मुकादम. टेबलाच्या एका टोकाला झाकणबाई, दुसऱ्या टोकाला वन्सं.

फुगेवाल्यानं सुरुवात केली. "आज आपण दोष शोधायचा नाही, नातं शोधायचं..."

"नातं आहेच आमचं," वन्सं म्हणाल्या. "ते नसतं तर बरं झालं असतं. साहेब, माझ्या तबकडीनं पास झालेलं एकही भांडं लहान नाही. झाकणांना विचारा."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी रुमाल सोडून कडं टेबलावर ठेवलं, शेजारी म्हाताऱ्या फोरमनच्या सहीचं झाकण ठेवलं, आणि झाकण कड्यात सोडलं. खड्खड्.

"हे झाकण चोवीस वर्षांपूर्वीचं आहे, कोरं," त्या म्हणाल्या. "झाकण बरोबर आहे. कडं झिजलंय. मी झिजवलंय. लिहा माझं नाव."

वन्संच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग आनंद. लपवायचाही प्रयत्न केला नाही त्यांनी.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "झाकणाचं टेबल बंद."

"थांबा की," बाई म्हणाल्या. "वर्षातून एकदा कडं आणि तबकडी वर काचेत पाठवून मूळ मापाशी लावून बघायचा नियम होता. एकोणीस वर्षांपूर्वी पाठवलं तर या नकाशेसाहेबांनी तीन आठवडे ठेवून घेतलं, आणि वर चिठ्ठी लावली, 'हाताळणी गचाळ.' तेव्हापासून ना आम्ही पाठवलं, ना यांनी मागितलं. मागितलं का हो?"

नकाशेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "खालून अर्ज आला नाही."

"अर्ज आला नाही! आग लागली तरी अर्जाची वाट बघाल. आणि भांड्याची तबकडी तरी कधी लावून बघितली?"

"माझ्या तबकडीला मध्ये आणू नका," वन्सं कडाडल्या.

"का? भीती वाटते?"

"मला? भीती?"

"नसेल वाटत. आठवड्यातून दोनदा घासलेली वस्तू. पण म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं, आठवतंय ना? तबकडी कड्यात जायची नाही. माझं कडं झिजलेलं आहे, मोठं झालंय, मान्य. तरीसुद्धा तुमची तबकडी शाबूत असेल तर ती जायला अवघड जाईल. पण नकोच. विभागाची वस्तू, विभागाबाहेर कशाला काढायची! राहू द्या वन्सं. अब्रू झाकलेलीच बरी."

झाकणबाईंना आपली नणंद ठाऊक होती. विनवणीनं ती एक पाऊल हलली नसती. पण डिवचलं की ती डोळे मिटून उडी मारते, हे एका घरात चोवीस वर्षं राहून कळतं.

वन्संनी पिशवीतून मखमली थैली काढली. थैलीतून तबकडी काढली. अशी चकाकत होती की खिडकीचा उजेड छतावर नाचला.

"घ्या! बघा सगळे. माझी तबकडी यांच्या कड्यात जात नाही ते बघा!" आणि त्यांनी ती कड्यावर आपटली.

तबकडी कड्यावर राहिली नाही. सरळ आतून गेली आणि टेबलावर पडली. टप्प.

बाहेरच्या शेडमधली यंत्रं ऐकू येत होती, आणि त्याच्या पलीकडून, अगदी हलके, ठोक, ठोक, ठोक.

"पुन्हा टाकते," वन्सं म्हणाल्या. आवाज खाली आला होता. पुन्हा टाकली. टप्प.

मुकादमानं पाठीमागची हातोडी पुढे आणून टेबलावर ठेवली. "ही वर्षभर चालली," तो म्हणाला. "आता ठेवतो."

नकाशेसाहेब वर गेले आणि पहिल्यांदाच अर्जाशिवाय मूळ मापाची पेटी घेऊन खाली आले. लावून बघितलं. कडं केसभर मोठं. तबकडी केसभर लहान. बाईंनी पदराचं टोक सोडलं आणि ते पत्र साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी वाचलं. बराच वेळ लागला त्यांना, पत्र लहान होतं तरी.

"मला एक नाव हवं होतं," ते शेवटी म्हणाले.

"दोन लिहा," बाई म्हणाल्या. "माझं वर. मी मोठी आहे."

"का म्हणून वर?" वन्सं फिस्कारल्या. "मी दोनदा घासत होते."

फुगेवाल्याचे डोळे पाणावले. तो म्हणाला, "बघा, भिंत पडली!" दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या हातातला खडू पडला. त्या महिन्याच्या शेवटी तो कारखाना सोडून गेला. त्याचा कागद मात्र भिंतीवर राहिला, कारण निघता निघेना.

साहेबांनी दोघींना घरी पाठवलं नाही. त्यांनी त्याहून वाईट शिक्षा दिली. दारासमोरचं कपाट हलवलं, आणि दोन शेडच्या मधल्या त्या दारात एकच टेबल ठेवलं. एका बाजूला झाकणबाई, समोर वन्सं. पुढचे सहा महिने माल पास करायचा शिक्का दोघींच्या हातातून काढून नकाशेवाल्यांच्या माणसाकडे. पॉलिशची पावडर बंद. मुकादमानं रोज सकाळी येऊन झाकण कसं बसतंय ते तोंडावर सांगायचं, आणि बाईंनी ते ऐकून घ्यायचं. या शेवटच्या अटीवर बाई फार चिडल्या होत्या म्हणे. पहिल्या दिवशी मुकादम सांगत असताना त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं होतं.

पाटी पेंटरनं पुसली. बाई शिडी धरायला गेल्या नाहीत. पण त्या शिवणकामवाल्या बाईंना उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं, आणि आपण तपासलं होतं हे कळवलं. खाली दुसरी ओळ वेगळ्या अक्षरात होती: भांडं मी तपासलं होतं. उत्तराचं उत्तर आलं नाही. यायलाच हवं असंही नाही.

तो पंखा आता त्या दारातच उभा असतो, मान इकडून तिकडे हलवत.

"तुमच्याकडे जास्त वेळ थांबतो तो," बाई म्हणतात.

"तुमच्याच तोंडाला घाबरून वळतो," वन्सं म्हणतात.

घरात मिठाचे डबे अजून दोनच आहेत. नवऱ्याला आता वर्तमानपत्र शांतपणे वाचता येत नाही, कारण मध्ये निरोप्या लागत नसल्यानं भांडण थेट होतं, आणि पूर्वीपेक्षा मोठ्यानं.

पण सकाळी आठ वाजता, पहिलं झाकण येण्याआधी, झाकणबाई नवं कडं टेबलावर ठेवतात.

"वन्सं, तबकडी."

"घ्या. हळू धरा, तुमच्या हातांचा काय भरवसा."

तबकडी कड्यावर ठेवायची. दोघींनी वाकून बघायचं, डोक्याला डोकं लागेल इतकं जवळून.

"अडली," वन्सं म्हणतात.

"अडायलाच हवी," झाकणबाई म्हणतात, आणि शेडकडे तोंड करून ओरडतात, "आणा रे पहिलं!"